हमीद मिस्त्रींची दारे

निखिल आणि सई,

गेल्या रविवारी फोनवर निखिल म्हणाला की तो राहतो त्या गावातला मोठा कारखाना बंद पडला होता, आता गाव पुन्हा सावरते आहे, आणि जुन्या कामगारांना नवे काम शिकवणाऱ्या केंद्रात त्याला नोकरी लागली आहे. पुढे म्हणाला, "आजी, तुला हे समजावून सांगणं जरा कठीण आहे." मी बरं म्हणून फोन ठेवला. तुमच्याकडे जेवायची वेळ झाली होती आणि फोनवर मला लांबण लावता येत नाही. पण माझी पहिली आणि एकमेव नोकरी नेमकी याच कामाची होती, हे तुम्हा दोघांना कुणी सांगितलेले दिसत नाही. तुमचे आजोबा असते तर त्यांनी रंगवून सांगितले असते. मी क्रमाने सांगते, मला तसेच जमते.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आजोबा जंगल खात्यात होते आणि मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन नुकतीच तिथे नांदायला आले होते. आदल्या पावसाळ्यात इरई नदीचे पाणी परकोटाच्या आतल्या वस्तीत शिरले होते. मातीची घरे जागच्या जागी बसली होती. कोष्ट्यांचे माग चिखलात गेले, तेलाची गिरणी बंद पडली ती सुरू झालीच नाही, आणि कामाची माणसे नागपूरकडे निघून जाऊ लागली. तेव्हा सरकारने एका रिकाम्या गोदामात सुतारकामाचा वर्ग काढला. पोरांनी काम शिकायचे आणि शिकता शिकता गावातल्या पडक्या घरांची दारे-खिडक्या करून द्यायच्या. मंजुरी एका वर्षाची होती. रेल्वेच्या रस्त्याने पुढे एक मोठा कारखाना उभा राहत होता. पोरे तिथे लागली तर वर्ग पुढे चालणार, नाही लागली तर गोदामाला कुलूप. हे सगळ्यांना ठाऊक होते.

मी त्या पोरांना इंच-फूट, नकाशा वाचणे आणि स्वतःची सही शिकवत असे. सुतारकाम शिकवायचे हमीद मिस्त्री.

मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे होते. दाढीला मेंदी, डोक्याला काळी मखमली टोपी आणि काखेत छत्री. छत्री बारा महिने असे. ऊन असो, पाऊस असो, ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या टोकाने ते लाकूड टोचून पाहत, पोरांच्या पाठीला ढोसत, आणि लांबच्या वस्तूंकडे बोट दाखवावे तशी ती रोखत. त्यांना गप्प बसता येत नसे. रंधा मारतानाही बोलणे चालूच. ऐकायला कुणी नसेल तर लाकडाशी बोलत: "काऊन वं, काऊन अडून राह्यली? तुह्या बापानं मले का नवसानं देल्लं का तुले?"

नागपूरच्या एका वकिलाला त्यांनी खुर्ची करून दिली होती, ती गोष्ट ते वरचेवर सांगत. मी नोकरीला लागले तेव्हा तो वकील होता. दिवाळीपर्यंत त्याचा न्यायाधीश झाला. पुढच्या उन्हाळ्यात ती खुर्ची थेट गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यात पोहोचली. नामदेव नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता. तो एकदा म्हणाला, "उस्ताद, खुर्ची तेच हाय ना? का बसणाराच बदलते?" मिस्त्रींनी छत्री उगारली आणि स्वतःच हसत सुटले.

कुणाच्याही घरी गेले की आत शिरण्याआधी ते दार दोनदा उघडून मिटत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या आजोबांना वाटले कुणी चोर चाचपडतो आहे. मिस्त्री आत येऊन म्हणाले, "घर चांगलं हाय बाई. दार मात्र कोण्या दुश्मनानं लावलं." दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ते नीट करून दिले. चहा घेतला, आणि चहालाही नावे ठेवली.

त्यांची शाबासकी एकाच शब्दाची होती: "चालते." तो शब्द मिळाला की पोरे दिवसभर फुलून असत. खिळ्यांचा त्यांना तिटकारा होता. सांध्यात कुणी चोरून खिळा ठोकला तर त्यांना तो कसा दिसे कुणास ठाऊक. "हे का खोकं बांधून राह्यला का बे?" म्हणत ते सगळे उसकटून टाकत.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. पहिले बरेच दिवस त्यांनी पोरांच्या हातात करवत दिलीच नाही. पुरात वाहून आलेली दारे गोळा करून गोदामाच्या अंगणात रचली होती. ती सांध्यासांध्यांतून खोलायची आणि पुन्हा जोडायची, एवढेच काम. "हे ज्यानं केलं तो मेला," मिस्त्री सांगत, "पण कसं केलं ते इथी लिहून ठेवलं हाय त्यानं. वाचा." गावातल्या बायका आपापले दार शोधायला येत. एकदा एकाच दारावरून दोघी भांडायला लागल्या. मिस्त्रींनी एकीला विचारले, "तुमचं दार कुरकुरे का बाई?" ती ठसक्यात म्हणाली, "आमच्या घरचं काईच कुरकुरत नाई." मिस्त्रींनी दार हलवून दाखवले. ते चांगलेच कुरकुरले. "मंग हे तुमचं नाई. ह्या बाईचं. न्या बाई, आणि तेल घाला."

त्या पोरांत लालसू नावाचा एक गोंड मुलगा होता, एटापल्लीच्याही पलीकडच्या गावचा. जंगल खात्याच्या कुणीतरी त्याला पाठवले होते. मराठी जेमतेम. उंच, शांत, सांगितलेले काम मान खाली घालून करणारा. मिस्त्रींना वाटे की त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे. पण त्यांना गोंडीतला एकच शब्द येत होता: एर, म्हणजे पाणी. काहीही हवे असले तरी ते "लालसू, एर!" म्हणून ओरडत आणि मग हातांनी खुणा करत. लालसू आधी पाणी आणून देई आणि मग हवी ती वस्तू. "या पोट्ट्यानं मले पाणी पाजू पाजू बुडवलं," मिस्त्री मला म्हणत. "पुरात वाचलो, अन् इथी बुडून राह्यलो." पण दिलेले पाणी ते दर वेळी पीत असत.

कारखान्यात हजेरीला सही करावी लागते, असे लालसूने कुठेतरी ऐकले होते. त्यामुळे इतरांना अंक आवडत आणि त्याला सही. शिकवणी संपल्यावर पाटी घेऊन तो दारात थांबायचा. मी एक ओळ काढून द्यायची, तो पाटी भरून टाकायचा. कारखान्यात लागायचे, एवढेच त्याच्या मनात होते. त्याच्या गावातून तोवर कुणी लागले नव्हते.

आता त्या दाराची गोष्ट. पठाणपुऱ्याच्या बाजूला राधाबाई नावाच्या कोष्टीण राहत. नवरा नव्हता, माग पुरात गेला होता, घराच्या भिंती शेजाऱ्यांनी पुन्हा उभ्या केल्या होत्या, पण दाराच्या जागी गोणपाट होते. फाल्गुनात मुलीचे लग्न निघाले. राधाबाई गोदामात आल्या आणि मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, वऱ्हाडी गोणपाट उचलून येतीन का घरात?"

वाळलेले लाकूड तेव्हा संपले होते. नवा साग नुकताच डेपोतून आला होता, आतून ओला. चांगल्या सुताराने त्याला हात लावायचा नसतो. वाळताना तो पीळ खातो. मिस्त्रींना हे माझ्याहून हजारपट ठाऊक होते. पण समोर लग्नघर होते, आणि मिस्त्रींना बाईमाणसाला परत पाठवता येत नसे. ते म्हणाले, "होऊन जाईन बाई. पुढं वाटलं तर बदलून देऊ." दार करायला लालसूला दिले. त्या सांध्यांवरून बोट फिरवून मिस्त्रींनी "चालते" म्हटलेले मला आठवते. लग्न थाटात झाले. दार बदलायचे मात्र राहून गेले. उन्हाळ्यात कामे फार होती.

नवरात्रात कारखान्याच्या सुतारखात्याचे साहेब परीक्षा घ्यायला येणार असे कळले. ते यायचे होते पंचमीला. वाटेत त्यांना दुसरे काम लागले, आणि ते उतरले ते खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. करवती, पटाश्या, वाकस, सगळे धुऊन-पुसून तेल लावून पाटावर मांडायचे, कुंकू-झेंडू वाहायचे, आणि मग दसऱ्याला उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पोरांनी पहाटेच पूजा मांडली होती. मिस्त्री नमाजी माणूस, पूजेत नसत. पण आदल्या दिवशी सगळ्यांत जास्त घासूनपुसून हत्यारे लखलखीत करणारे तेच होते. त्यांचा स्वतःचा रंधाही पाटावर होता. "त्याले एकट्याले काऊन ठेवता कोपऱ्यात?" असे त्यांनीच म्हटले होते.

साहेब तमिळ होते. त्यांना मराठी येत नव्हते, इंग्रजी फार चांगले येत होते, म्हणून मला मध्ये उभे केले. त्यांनी पाटाकडे पाहिले आणि चपला काढल्या. म्हणाले, "माझ्या आईच्या घरी आज पुस्तकालासुद्धा हात लावत नाहीत. माझीच चूक झाली. पण मला संध्याकाळच्या गाडीने जायचे आहे, आणि नावे दिली नाहीत तर दुसऱ्या गावची माणसे भरतील."

मी मराठीत सांगितले. गोदामात कुणी हलेना. शेवटी नामदेव पुढे झाला.

"उस्ताद, मी उचलतो रंधा. देवी समजून घेईन. नोकरीचा सवाल हाय."

"सकाळी त्यायले निजवलं," मिस्त्री म्हणाले, "अन् आता उठवतं का बे? गप." मग माझ्याकडे वळले. "बाई, साहेबाले म्हणा, हत्यार निजले हायेत, दारं जागी हायेत. गावात चाला. ह्या पोट्ट्यायनं केलेलं एकेक दार उघडून पाहा. जे पास करान ते पास."

साहेब हसले आणि त्यांनी चपला घातल्या.

अशी ती परीक्षा झाली. पुढे मिस्त्री छत्री रोखून, त्यांच्या मागे साहेब, मग मी, आणि मागे पोरांची रांग. शाळेचे दार पाहिले, दवाखान्याच्या खिडक्या पाहिल्या. साहेब कच्चे नव्हते. सांध्यात नख घालून पाहत, बिजागरीला कान लावत, चौकटीखाली वाकत. मिठाईवाल्याच्या दुकानाशी मालक म्हणाला, "दार झ्याक हाय साहेब, फकत मिस्त्री येऊन रोज दोनदा उघडते अन् जिलबी खाऊन जाते." हे मी भाषांतर करून सांगितले. साहेब प्रत्येक दाराशी विचारत, हे कुणी केले? तो मुलगा पुढे येई, आणि साहेब त्याचा चेहरा नीट पाहून ठेवत.

पठाणपुऱ्याच्या वळणावर नामदेव मिस्त्रींच्या कानाशी लागला. "उस्ताद, इकडून नोका. तिकडल्या गल्लीतून चाला." मिस्त्री थांबले. कोणते दार पुढे आहे ते सगळ्यांना माहीत होते. लालसू रांगेच्या शेवटी खाली पाहत उभा होता. मिस्त्रींनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि त्याच गल्लीत शिरले.

राधाबाई ओट्यावरच होत्या.

"ओ मिस्त्री! आज रस्ता चुकले का? कईपासून सांगून राह्यली, दार लागत नाई म्हणून! रात्री खाट लावून निजतो मी!"

"आलो ना बाई. सोबत साहेबबी आणला."

साहेबांनी दार ढकलले. ते अर्ध्यात अडले. खांदा लावला तेव्हा किरकिरत सरकले. त्यांनी फळीला डोळा लावून पाहिले आणि म्हणाले, "सांधे उत्तम आहेत. लाकूड ओले होते. कुणी केले?"

"मी," लालसू म्हणाला.

"लाकूड मी देल्लं," मिस्त्री घाईने म्हणाले. "त्याचा काई दोष नाई. बाई, सांगा साहेबाले."

साहेबांनी लालसूलाच विचारले, लाकूड ओले आहे हे तुला कळले होते का? लालसूने होकाराची मान डोलावली. "कळलं होतं. पाणी लागे हाताले."

"मग?"

"उस्तादनं सांगतलं, कर. मी केलं."

साहेबांनी फळीवरचा हात काढला. मग सावकाश, कुणाला लागू नये अशा आवाजात ते जे बोलले, ते मराठीत सांगायला मला वेळ लागला. बाकी सगळ्यांना ते घेणार होते. लालसूला नाही. त्याचा हात या सगळ्यांत चांगला आहे, ते म्हणाले. पण कारखान्यात मुकादम उद्या त्याला ओले लाकूड देईल, तेव्हाही तो दार करून टाकील. आणि तिथे दारे नाहीत, माणसे चढतात असे सांगाडे करायचे आहेत. त्यांना चुकीच्या लाकडाला नाही म्हणणारा माणूस हवा होता.

मिस्त्री म्हणाले, "मंग मले नापास करा. त्याले काऊन?"

साहेब म्हणाले, "तुमची परीक्षा घ्यायला मला पाठवलेले नाही."

मिस्त्रींनी ते दार एकदा उघडले, एकदा जोर लावून मिटले. "बराबर बोलला," ते एवढेच म्हणाले. गोदामापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. पोरांना नोकऱ्या लागल्या होत्या, वर्ग वाचला होता, आणि रांगेत कुणी हसत नव्हते. लालसू नेहमीसारखा शेवटी चालत होता.

दसरा झाल्यावर मिस्त्रींनी पहिले काम राधाबाईंच्या दाराचे काढले. स्वतःच्या घरात माळ्यावर ठेवलेला जुना साग ते खांद्यावर घेऊन आले आणि लालसूला सोबत बसवले. काम करताना म्हणाले, "तुह्या एटापल्लीकडं शाळा बांधून राह्यले, दवाखाना बांधून राह्यले. त्याची दारं कोण करन? चांद्यावरून कोण जाईन तिथी? तू आपलं दुकान काढ."

लालसू म्हणाला, "दुकानात बी लोकं ओलं लाकूड आणतीन. मले नाई म्हणता येत नाई, उस्ताद."

मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. त्यांनी आयुष्यभर पोरांना एकच शिकवले होते, उस्ताद सांगतो ते करायचे. ते उठले, अंगणातून एक ओले लाकूड घेऊन आले आणि लालसूपुढे आपटले.

"याचं दार कर."

लालसूने लाकूड उचलले.

"अबे, उचलतं काऊन! नाई म्हण!"

"नाई," लालसू पुटपुटला.

"हे का नाई हाय? हे तं मच्छर बोललं." त्यांनी दुसरे लाकूड आणले. "मी कंत्राटदार हाय. मोठा माणूस. आज संध्याकाळपर्यंत दार पायजे. कर!"

"नाई जी."

"जी नोको लावू!"

कारखान्यात रुजू व्हायला पोरांना अजून अवकाश होता; ती काम सोडून भोवती जमली. मिस्त्री कधी कंत्राटदार झाले, कधी पाटील, कधी गव्हर्नर. छत्री उगारून ओरडत होते, लाकडे आपटत होते, आणि लालसू दर वेळी हात पुढे करून मागे घेत होता. शेवटी मिस्त्रींनी आवाज उतरवला आणि राधाबाईंच्या सुरात म्हणाले, "बापा, पोरीचं लगन हाय रे."

त्यावर सगळे हसले, पण लालसू हसला नाही. त्याने ते लाकूड दोन्ही हातांनी उचलले, अंगणात नेऊन उन्हात उभे केले आणि वळून मोठ्याने म्हणाला, "हिल्ले!" गोंडीत नाही म्हणण्याचा तो शब्द. एवढा मोठा आवाज त्याला आहे हे कुणाला माहीतच नव्हते.

मिस्त्रींनी छत्री काखेत घातली.

"चालते," ते म्हणाले.

लालसू एटापल्लीला गेला तेव्हा मिस्त्रींनी आपल्या हत्यारांतली निम्मी त्याला बांधून दिली. वर्ग पुढे चालला. दर नव्या तुकडीला मिस्त्री सुरुवातीलाच चांगल्या लाकडात एक ओले मिसळून देत आणि वर दमदाटी करत. जो ते परत आणून देई त्याला मिस्त्रींच्या पैशाचा चहा. जे निमूटपणे रंधा मारायला बसत त्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणायचा सराव करावा लागे. माझ्या शिकवणीच्या शेजारी तो आरडाओरडा चाले आणि बेरजा चुकत. मी तक्रार केली तर म्हणत, "बाई, तुमची बेरीज उद्या होईन. याचं आज होऊन जाऊ द्या."

मग आजोबांची अमरावतीला बदली झाली. आम्ही टांग्यात सामान घालून स्टेशनकडे निघालो तेव्हा मिस्त्री निरोपाला आले नाहीत, याचे मला वाईट वाटले होते. लाकूड डेपोच्या फाटकाशी ते दिसले. समोर एक नवा, मिसरूड न फुटलेला मुलगा उभा होता, हात मागे बांधून. मिस्त्री लालबुंद होऊन त्याच्यावर ओरडत होते आणि तो सारखी मान हलवत होता, नाही, नाही. टांगा जवळून गेला तेव्हा मिस्त्रींनी आम्हाला पाहिले. ओरडणे न थांबवता त्यांनी छत्री उंच केली. ओरडत होते, पण चेहरा सगळा आनंदाने भरला होता. मुलाला तो दिसत असेल का, हा विचार मी स्टेशनपर्यंत करत राहिले.

मिस्त्री गेल्याचे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. गोदामाच्या जागी आता इमारत आहे. वर्ग पुढे कुठल्याशा मोठ्या संस्थेत मिसळला. राधाबाईंची गल्ली मला आता ओळखू येणार नाही.

मागच्या वर्षी तुमचा सुधीरमामा कामासाठी एटापल्लीला गेला होता. मी सांगितल्यावरून त्याने चौकशी केली. बाजाराच्या रस्त्याला लालसूच्या मुलाचे सुतारकामाचे दुकान आहे, आणि आसपासच्या गावांतली पोरे तिथे काम शिकतात. सुधीर बसला असताना एक गिऱ्हाईक गाडीभर लाकूड घेऊन आले. लालसूच्या मुलाने फळीला हात लावून पाहिला आणि गाडी परत पाठवली. माणूस बराच चिडला. दुकान चालू आहे.